जुनी भांडणं मिटतात ती कशी

खानापूर तालुक्यातली एक मुलगी बेळगावात कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिनं मला विचारलंय, "सर, पन्नास-साठ वर्षं चाललेले संघर्ष खरंच संपतात काय? की माणसं दमतात आणि त्या दमण्यालाच आपण शांतता म्हणतो? आणि मग आपल्या सीमाप्रश्नाचं काय?"

प्रश्न सरळ आहे, म्हणून आधी सरळ उत्तर देतो. संपतात. दमल्याशिवाय सहसा कुणी बोलायला बसत नाही, हेही तुझं खरं आहे. पण दमून बसलेला माणूस दम खाऊन पुन्हा उठतो. त्या मधल्या वेळात काय ठरतं आणि ठरलेलं कोण पाळतं, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. जे वाद मिटून मिटलेलेच राहिले, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी मला एक गोष्ट दिसली. 'हे कुणाचं' हा प्रश्न तसाच बाजूला ठेवून लोकांनी आधी 'इथं राहायचं कसं' हे ठरवलं. हे मी कुठल्या ग्रंथात शिकलो नाही, एका बांधावर शिकलो.

बेळगावच्या कोर्टात मी ३१ वर्षं दिवाणी वकिली केली. त्यातली शेवटची १२ वर्षं मध्यस्थी केंद्रातही काम केलं. मध्यस्थ होण्यासाठी ४० तासांचं प्रशिक्षण असतं, ते घेतलं. त्यानंतर लगेच माझ्याकडे खानापूरकडच्या दोन चुलतभावांचा दावा आला. भाताच्या दोन खाचरांमधला बांध. वाद १९ वर्षांचा. मोजणी तीनदा झालेली, तिन्ही वेळा दगड वेगळ्या जागी पडला, आणि ज्याला जी मोजणी सोयीची तो ती धरून बसलेला. वादातली जागा सव्वा गुंठा. त्यात भात पिकून पिकून किती पिकणार? पण एकाची बैलजोडी गेली होती, दुसऱ्याच्या बायकोच्या पाटल्या गेल्या होत्या.

पहिल्या दोन बैठकांत दोघं एकमेकांकडे पाठ करून बसले. बोलायचं ते माझ्याशी. तिसऱ्या वेळी मी नकाशा गुंडाळून कपाटावर ठेवला आणि थोरल्याला विचारलं, "समजा निकाल तुमच्या बाजूनं लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून काय करणार?" तो चटकन म्हणाला, "ट्रॅक्टर नेणार की खाली." तेव्हा कळलं की त्याच्या खालच्या खाचराला वाटच नव्हती. बांध रुंद झाला तरच ट्रॅक्टर जाणार होता. धाकट्याला तोच प्रश्न विचारला. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "जागा गेली खड्ड्यात, साहेब. बांधावरचा फणस माझ्या बानं लावला होता. यानं तोडला. तोडायच्या आधी एक शब्द विचारायचा की नाही?"

तो फणस दाव्याच्या कागदांत कुठंच नव्हता. ना वादपत्रात, ना कैफियतीत, ना साक्षीत. १९ वर्षं आम्ही वकील लोक दगडावर भांडत होतो.

थोरल्याच्या तोंडून "विचारायला हवं होतं" एवढं निघायला पाऊण तास लागला. त्यानंतर बाकीचं भराभर ठरलं. वाट नऊ फुटांची. चिखलणी आणि लावणीच्या दिवसांत तिच्यावरून ट्रॅक्टर न्यायचा नाही. वरच्या खाचराचं पाणी कुठल्या कोपऱ्यातून सोडायचं, चर कुणी आणि कधी काढायची, हे सगळं लिहिलं. सव्वा गुंठ्यावर कुणीही नांगर घालायचा नाही. आणि शेवटी एक कलम टाकलं, ते आजही माझ्या डोळ्यांसमोर आहे: 'या तडजोडीमुळे कोणत्याही पक्षकाराने दुसऱ्याचा मालकी हक्क मान्य केला असे समजू नये.' दोघंही आपापला दावा खिशात घेऊन घरी गेले. म्हणूनच जाऊ शकले.

बांध आणि सीमा एक नव्हे, हे मला कळतं. सीमेवर लाखो माणसं असतात, पक्ष असतात, निवडणुका असतात, रक्त सांडलेलं असतं. तरी मोठ्या वादांचे कागद मी वाचत गेलो तेव्हा ते शेवटचं कलम मला पुन्हा पुन्हा दिसलं.

उत्तर आयर्लंड घे. तिथल्या एका समाजाला ब्रिटनमध्ये राहायचं होतं, दुसऱ्याला आयर्लंडमध्ये जायचं होतं. सुमारे ३० वर्षांत साडेतीन हजारांच्या आसपास माणसं मारली गेली. १९७३ मध्ये सनिंगडेल इथं एक करार झाला होता, दोन्ही समाजांनी मिळून सरकार चालवायचं असा. मे १९७४ मध्ये ब्रिटनवादी कामगारांनी १४ दिवसांचा संप केला, वीजपुरवठा कोलमडला आणि ते सरकार गेलं. १० एप्रिल १९९८ चा करार त्याच्या शेजारी ठेवून वाचला तर बराचसा सांगाडा तोच आहे. मग मधल्या वर्षांत बदललं काय? १९७३ मध्ये बंदुका असलेले गट खोलीबाहेर होते, १९९८ मध्ये त्यांच्याशी जोडलेले पक्ष आत बसले होते. आणि मूळ प्रश्न त्यांनी उघडा ठेवला. प्रदेश ब्रिटनमध्येच राहील, पण तिथल्या बहुमतानं उद्या वेगळं ठरवलं तर तसं होईल. तोवर तिथला माणूस स्वतःला ब्रिटिश म्हणवू शकतो, आयरिश म्हणवू शकतो, किंवा दोन्ही. आयर्लंडनं आपल्या घटनेतला त्या प्रदेशावरचा दावा बदलून तिथं एकत्र येण्याची इच्छा आणि संमतीची अट लिहिली. २२ मे १९९८ रोजी सार्वमत झालं आणि उत्तरेत ७१ टक्के लोकांनी होकार दिला.

पण मला विचारशील तर आपल्या भागानं आयर्लंडपेक्षा दक्षिण तिरोलकडे बघावं. आपल्याकडे त्याची चर्चा फारशी होत नाही, याचं मला वाईट वाटतं.

आल्प्सच्या कुशीतला हा जर्मन भाषकांचा मुलूख. पहिल्या महायुद्धानंतर तो ऑस्ट्रियाकडून इटलीकडे गेला. मुसोलिनीच्या राजवटीत शाळांमधून जर्मन काढली, गावांची नावं बदलली. लोकांनी घराच्या माळ्यावर, तळघरात चोरून जर्मन शाळा चालवल्या. १९४६ मध्ये ऑस्ट्रिया आणि इटली यांच्यात करार झाला आणि स्वायत्ततेचा शब्द दिला गेला. प्रत्यक्षात मात्र हा जिल्हा शेजारच्या इतालवी बहुसंख्य भागाला जोडून एक मोठा प्रांत केला गेला. म्हणजे स्वायत्तता मिळाली ती दुसऱ्याच्याच हातात. १९५७ मध्ये सिल्व्हिउस मान्यागो या नेत्यानं हजारोंच्या सभेत 'त्रेंतोपासून (म्हणजे त्या शेजारच्या भागापासून) वेगळे व्हा' अशी हाक दिली. १९६० मध्ये ऑस्ट्रियानं प्रश्न संयुक्त राष्ट्रांत नेला. जून १९६१ मध्ये एका रात्रीत विजेचे डझनावारी मनोरे स्फोटांनी पाडले गेले.

आज तो युरोपातल्या संपन्न भागांपैकी एक आहे आणि सीमा एक इंचही हललेली नाही. हे कसं झालं ते बारकाईनं बघ. १९६९ मध्ये १३७ उपायांची एक यादी ठरली. तत्त्वं नव्हेत, उपाय. त्यावरून १९७२ मध्ये नवा स्वायत्तता कायदा आला. प्रत्येक मुलाला मातृभाषेत शाळा, आणि दुसरी भाषाही प्राथमिक शाळेतच शिकवायची. सरकारी नोकऱ्या जनगणनेतल्या भाषिक प्रमाणात. आणि नोकरी हवी तर दोन्ही भाषांची परीक्षा उत्तीर्ण व्हायची, इतालवी माणसानं सुद्धा. खिडकीसमोर उभ्या असलेल्या म्हाताऱ्यानं कारकुनाची भाषा शिकायची ही रीत तिथं उलटी केली. कारकुनानं म्हाताऱ्याची भाषा शिकायची.

त्या यादीला स्वतःच्या पक्षाची मान्यता मिळवताना मान्यागोची दमछाक झाली. 'वेगळे व्हा' म्हणणाराच आता 'हे घ्या' म्हणत होता, आणि ठराव निसटत्या बहुमतानं संमत झाला. समोरच्याशी बोलणं एक वेळ सोपं, आपल्या माणसांशी बोलणं कठीण. माझ्या केंद्रातही समेट बहुधा मोडतो तो खोलीत नाही. जेवायच्या सुट्टीत पक्षकार बाहेर जातो आणि तिथं उभ्या असलेल्या मेव्हण्याशी बोलून येतो, तेव्हा मोडतो.

१३७ उपाय अमलात यायला २० वर्षं लागली. १९९२ मध्ये ऑस्ट्रियानं वाद मिटल्याचं संयुक्त राष्ट्रांना कळवलं. सगळं गोड झालं असं मात्र नाही. वेगवेगळ्या शाळांमुळे दोन्हीकडची मुलं एकमेकांना फारशी भेटत नाहीत अशी तक्रार आहे, आणि गावांच्या नावांचा वाद अजून धुमसतो. नावाचा वाद किती खोल जातो हे १ नोव्हेंबर २०१४ रोजी आपल्या शहराच्या पाटीवर 'बेळगावी' आलेलं बघितलेल्या माणसाला सांगायला नको.

आता तुझ्या दमण्याच्या प्रश्नाकडे येतो. विल्यम झार्टमन या अमेरिकी अभ्यासकानं यावर बरंच काम केलंय. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की दोन्ही बाजूंना कळतं की जिंकता येत नाही, आणि आहे तसं थांबणंही रोज टोचतंय, तेव्हा वाद पिकतो, म्हणजे मिटण्याजोगा होतो. पण नुसतं टोचून भागत नाही, बाहेर पडायची वाटही दिसावी लागते. आणि ती वाट बऱ्याचदा अशा माणसांनी जपलेली असते ज्यांचं नाव कुठं छापून येत नाही. उत्तर आयर्लंडच्या डेरी शहरात ब्रेंडन डडी नावाचा एक दुकानदार होता, मासे आणि बटाट्याचे तळलेले काप विकणारा. १९७० च्या दशकापासून पुढची वीसेक वर्षं ब्रिटिश सरकार आणि बंडखोर यांच्यातले निरोप त्याच्या हातून जात होते. दोन्हीकडून विश्वासघाताचा संशय यायचा, जिवाला धोका होता. तरी त्यानं दार लावलं नाही.

आपल्या देशातलं मिझोरम हे असं दुसरं उदाहरण. १९६६ मध्ये बंड झालं, ऐझॉलवर आपल्याच हवाई दलानं हल्ला केला, गावंच्या गावं उठवून रस्त्याकडेला वसवली. इतकं झाल्यावर हे कधी मिटेल असं कुणी म्हणालं नसतं. बोलणी अनेकदा फिसकटली. ३० जून १९८६ रोजी करार झाला, आणि त्या वेळचे मुख्यमंत्री लालथनहावला यांनी आपली खुर्ची सोडली, बंडाचे नेते लालडेंगा यांना बसता यावं म्हणून. स्वतः ते हाताखालच्या पदावर राहिले. २० फेब्रुवारी १९८७ रोजी मिझोरम राज्य झालं. माझ्या मते त्या करारातलं सगळ्यात वजनदार कलम ती रिकामी केलेली खुर्ची होती. समोरच्याला मान वर करून परत येता आलं पाहिजे. पाडाव करूनही युद्ध संपतं. श्रीलंकेत मे २००९ मध्ये तसंच संपलं. पण उत्तरेकडच्या तमिळ आया बेपत्ता मुलांचे फोटो घेऊन त्यानंतरही वर्षानुवर्षं रस्त्यावर बसल्या, त्याला मी मिटलं म्हणत नाही.

मग आपलं. माझे वडील सीमासत्याग्रहात तुरुंगात जाऊन आले. १७ जानेवारीला आणि १ जूनला आमच्या घरी चूल उशिरा पेटायची, आधी सीमालढ्यातल्या हुतात्म्यांना फूल. त्यामुळे हे मी लांबून बघून बोलत नाही.

आपल्या वादात तिऱ्हाइताचा निवाडा मागून झालाय. १९६० मध्ये दोन्ही राज्यांच्या चार जणांची समिती बसली, एकमत झालं नाही. सेनापती बापटांच्या उपोषणानंतर १९६६ मध्ये महाजन आयोग आला, १९६७ मध्ये त्याचा अहवाल आला. निपाणी, खानापूर, नंदगड धरून २६४ गावं महाराष्ट्राला द्यावीत, बेळगाव शहर म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकातच राहावं, आणि अक्कलकोट, जतकडची गावंही तिकडं जावीत, असं त्यात होतं. महाराष्ट्रानं तो नाकारला, कर्नाटक तोच शेवटचा शब्द मानतं. मध्यस्थ म्हणून मला यात एक मोठी चूक दिसते: कसोटी आधी ठरली नव्हती. गाव हा घटक धरायचा की तालुका, भाषिक बहुमत किती धरायचं, सलगता कशी मोजायची, यावर दोघांची सही न घेता पंचाला बसवलं. पंच कितीही प्रामाणिक असला तरी हरणाऱ्याला निवाडा मनमानी वाटणारच.

याच्या शेजारी आंध्र आणि मद्रासची सीमा ठेवून बघ. तीही भाषेचीच सीमा, तिथंही आंदोलनं झाली, माणसं तुरुंगात गेली. तिथं मध्यस्थी केली ती आपल्याच हरिभाऊ पाटसकरांनी. गाव हा घटक, भाषिक बहुमत, सलगता या कसोट्या दोन्ही राज्यांनी आधी मान्य केल्या. १ एप्रिल १९६० पासून तिरुत्तणी मद्रासकडे गेलं, काही गावं आंध्राकडे आली. एक फरक प्रामाणिकपणे सांगायला हवा. सगळ्यात दुखरा भाग, म्हणजे मद्रास शहर कुणाचं, हा प्रश्न १९५३ मध्येच निकालात निघाला होता. आपल्याकडे बेळगाव शहर मधोमध आहे.

२००४ पासून आपला दावा सर्वोच्च न्यायालयात आहे, घटनेच्या १३१ व्या कलमाखाली. तो तिथं चालू दे. तो सोडा असं मी म्हणणार नाही आणि कुणी म्हटलं तर ऐकणारही नाही. पण निकालाची वाट बघत माझ्या अशिलांच्या दोन पिढ्या गेल्या, आणि या काळात त्यांना रोज काय दुखलं ते मी टेबलाच्या अलीकडून बघितलंय. अनगोळचा एक म्हातारा माझ्याकडे तीन कागद घेऊन आला होता. पणज्याचा मोडीतला, आजोबाचा मराठीतला, आणि आताचा उतारा कन्नडमधला. पहिला त्याला वाचता येत नव्हता, दुसरा येत होता, तिसरा पुन्हा येत नव्हता. तिसऱ्यावर त्याच्या चुलत्याच्या नातवाचं नाव चढलं होतं, आणि ते चार वर्षांनी कळलं, कारण कागद वाचून दाखवणारा तोच नातू होता. मी कन्नडमध्ये उलटतपासणी घ्यायचो, कन्नड शिका असं आमच्या पोरांना रोज सांगतो. तरी सत्तरीच्या माणसाला स्वतःच्या जमिनीचा कागद वाचता यावा, ही मागणी सीमा न हलवता पुरी होण्यासारखी आहे. घटनेत ३५०अ आणि ३५०ब ही कलमं १९५६ पासून आहेत. भाषिक अल्पसंख्य १५ टक्क्यांच्या वर असतील तिथं महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, ही योजना राज्यांनी मान्य केलेली आहे. आपले १३७ उपाय इथून सुरू होतील.

आणि समोरच्याचा फणस कुठला, हेही विचारावं लागेल. मराठी माणसाला हे ऐकायला जड जातं, पण ऐकावं. धारवाड, विजापूर, बेळगाव मुंबई इलाख्यात होते तेव्हा कन्नड माणसाला शाळेत आणि कचेरीत मराठीपुढे मागं राहावं लागत होतं. म्हणून १८९० मध्ये धारवाडला कर्नाटक विद्यावर्धक संघ उभा राहिला, कन्नड मुलूख एक व्हावा म्हणून आलूर वेंकटरावांसारखी माणसं आयुष्यभर झिजली. आज आपण जे मागतो ते त्यांनी तेव्हा मागितलं होतं. त्यांना भीती वाटते ती जुने दिवस परत येतील याची. ती आठवण आहे हे आपण एकदा मोठ्यानं मान्य केलं, तर आपल्या आठवणीलाही जागा होईल. शिवाय जत आणि अक्कलकोटला कन्नड शाळा आहेत, तिथल्या आईबापांचे प्रश्न खानापूरच्या आईबापांसारखेच आहेत. इथल्या मराठी शाळेसाठी जे मागायचं ते तिथल्या कन्नड शाळेला त्याच दिवशी द्यायचं, असा दुहेरी कागद झाला तर दोन्ही सरकारांना आपापल्या लोकांपुढे उभं राहता येईल.

करार झाल्यावर काय होतं, यावर थोडं जास्त बोलतो, कारण इथं मी स्वतः चुकलोय. तीन भावांच्या सामाईक विहिरीचा वाद मी एका दिवसात मिटवला होता. सह्या झाल्या, पेढे वाटले. होळीच्या आत पंपाची पेटी फुटली आणि प्रकरण फौजदारीत गेलं. मधला भाऊ वारला होता आणि त्याच्या नावावर मोठ्या भावानं सही केली होती. पण रात्री वीज आली की उठून मोटर चालू करायची ती मधल्याची बायको. पाण्याची पाळी तिला न विचारता ठरली, आणि तिच्या वाट्याला ज्या रात्री आल्या त्या रात्री लाइनच नसायची. तिला मी बाहेरच्या बाकावर बसवलं होतं. चूक माझी होती. उत्तर आयर्लंडमधल्या बायकांनी १९९६ मध्ये स्वतःची आघाडी काढून चर्चेच्या खोलीत जागा मिळवली ते वाचलं, तेव्हा ती बाई माझ्या डोळ्यांसमोर आली. ज्याच्या हातून रोज करार पाळला जाणार आहे, तो माणूस खोलीत हवा.

दुसरं म्हणजे, करारानंतर कुणीतरी तो मोडायचा प्रयत्न करणारच, हे धरून चालायचं. उत्तर आयर्लंडच्या १९९८ च्या करारानंतर सुमारे चार महिन्यांनी, १५ ऑगस्टला ओमाग गावात बॉम्ब फुटला आणि २९ जण गेले. करार टिकला, कारण दोन्हीकडच्या नेत्यांनी एकाच सुरात निषेध केला. तरी पुढं ते सरकार अनेकदा बंद पडलं आणि बंडखोरांची शस्त्रं निकामी करायला २००५ उजाडलं. आपल्याकडे काय होतं? फेब्रुवारी २०२५ मध्ये बसमध्ये तिकिटाच्या वेळी भाषेवरून वाद झाला, मारहाण झाली, आणि दोन्ही राज्यांच्या बस बंद पडल्या. चंदगडचा रोगी बेळगावला येतो, अथणीचा मिरजेला जातो. अडकतात ते हे लोक. डिसेंबर २०२२ मध्ये गाड्यांवर दगड पडले, मग दिल्लीत बैठक झाली आणि दोन्हीकडच्या तीन-तीन मंत्र्यांनी बसावं असं ठरलं. मला वाटतं ती बैठक तालुक्याच्या पातळीवर उतरायला हवी. निपाणीचा आणि कागलचा पोलीस अधिकारी, दोन्ही आगारांचे व्यवस्थापक आणि दोन्ही भाषांच्या शाळांचे दोन मुख्याध्यापक, यांनी महिन्यातून एकदा चहाला बसावं, भांडण नसताना. एकमेकांचे फोन नंबर आधीपासून असले तर पहिल्या दगडानंतरचा पहिला तास हाताशी राहतो.

हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकावर जायचं सोडा असं या सगळ्यात कुठंच येत नाही. शांततेसाठी विसरावं लागतं असं मला कधी वाटलं नाही. दक्षिण आफ्रिकेनं १९९६ पासून सत्यशोधन आयोगासमोर लोकांना बोलायला लावलं. सगळ्यांना न्याय मिळाला नाही, पण झालेलं नाकारायची सोय उरली नाही. आमच्या बांधावरचा तो थोरला "विचारायला हवं होतं" म्हणाला, त्यानं धाकट्याचा फणस परत आला नाही. तरी त्याच संध्याकाळी त्यानं सही केली.

आता तुझं काम. तू कायदा शिकतेस, तुझ्या हातात एक वही घे. एक महिनाभर तुझ्या गावात कुणाच्या घरी कुठला सरकारी कागद आला, कुठल्या भाषेत आला, तो कुणी वाचून दाखवला आणि त्यामुळे काय अडलं, हे तारखेनिशी लिही. मत लिहू नको, फक्त घडलेलं. मग जत तालुक्यातल्या एखाद्या कन्नड शाळेच्या गावात चार दिवस राहा आणि तिथली तशीच यादी कर. तुला कन्नड बऱ्यापैकी येतं, नाही आलं तिथं तुझी मैत्रीण येईल. दोन्ही वह्या घेऊन माझ्याकडे ये. ज्या ओळी दोन्हीकडे सारख्या निघतील त्यांच्यावर आधी खूण करू, आणि अर्ज तिथूनच लिहायला घेऊ, दोन्ही भाषांत.